औषध नसलेली गोळी

नवरा माजरीकडच्या एका कोळसा खाणीत डंपर चालवायचा. नाइट शिफ्ट करून सकाळी नऊला झोपला, की दुपारी दोनला ब्लास्टिंग व्हायचं, क्वार्टरच्या खिडक्या हलायच्या आणि हा टक्क जागा. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पुन्हा कुठली झोप लागायला? चिडचिड सगळी माझ्यावर निघायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझा अमेरिकेतला धाकटा भाऊ सुट्टीवर आला, तेव्हा त्याने झोप आणणाऱ्या मेलाटोनिनच्या गोळ्यांची बाटली आणली. "ताई, औषध नाही हे. शरीरात असतंच. तिकडे किराणा घ्यायला गेलं की तिथेच मिळतं." दीडशहाणा! आणि मी त्याच्याहून. डॉक्टरला विचारायचं मनातही आलं नाही. पालेभाजी का कुणी डॉक्टरला विचारून खातं?

नवऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून लेबल त्याने माझ्याकडूनच वाचून घेतलं. औषध नाही, खायचीच चीज आहे, झोपण्याआधी एक गोळी, एवढं मी सांगितलं. गोळी घेतल्यावर गाडी किंवा मशीन चालवू नये, ही ओळ मी वाचली आणि गिळली. तो घाबरला असता, गोळी घेतली नसती आणि घरातली कटकट तशीच राहिली असती. झोपून उठल्यावरच तर डंपरवर जाणार, अशी मी मनाची समजूत घातली.

पंधरा दिवस सुखाचे गेले. मग एका दुपारी ब्लास्टिंगने जाग आल्यावर त्याने दुसरी गोळी तोंडात टाकली.

"अहो, एकच घ्यायची आहे."

"एका भाकरीनं पोट नाई भरलं तं दुसरी नाई घेत का मानूस? खायचीच चीज हाये ना?"

माझीच शिकवण मला ऐकवत होता.

साडेतीनला खाणीची जीप दारात आली. दुसऱ्या पाळीचा डंपर ऑपरेटर आला नव्हता. अशा वेळी कॉलनीतल्या जवळच्या माणसाला बोलावून नेत, आणि नाही म्हणणं कमीपणाचं समजलं जाई. मीच त्याला हलवून उठवलं, तोंडावर पाणी मारलं, चहा पाजला. त्याचे डोळे उघडत नव्हते. ती ओळ मला तेव्हा आठवली. तरी मी बोलले नाही.

संध्याकाळी मातीच्या ढिगाच्या कडेवरून डंपर मागे कलंडला. त्याचं खरचटण्यावर निभावलं. चौकशीला मलाही बोलावलं होतं. बाटली त्यानेच खिशातून काढून टेबलावर ठेवली. खाणीचे डॉक्टर म्हणाले, गोळी विष नाही, पण मात्रा आणि वेळ चुकली की गुंगी उरते. चौकशीच्या साहेबांनी लेबल वाचलं, गाडी न चालवण्याची ओळ मोठ्याने सांगितली आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाईंनी हे वाचून दाखवलं नाही?"

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "दाखवलं ना साहेब. मीच आयकलं नाई."

त्याचा डंपर गेला. निवृत्त होईपर्यंत मजुराचं फावडं हातात राहिलं. त्या दिवशी घरी येताना त्याने एकदाच विचारलं, "काऊन नाई सांगतलं?"

घरात शांतता हवी होती म्हणून, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार होते?