दुपारी यंत्र थांबायचं

कामरगावच्या बियाणे कंपनीत दुपारी चाळणीचं यंत्र थांबलं की फुलचंद हातातली पोत्याची सुतळी खाली टाकायचा आणि म्हणायचा, "आला गोविंदा."

गोविंदाला जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं.

फुलचंद यंत्रावर आणि ज्योत्स्ना आतल्या खोलीत संगणकावर. दोघांच्या मधे टेबलाखाली एक काळा डबा होता, तो सर्व्हर. कंपनीच्या सगळ्या फायली त्याच्यावर, आणि खोलीतले सगळे संगणक त्या तिथूनच उघडत. लेबल छापणारा प्रिंटरही तिथूनच वाणाचं नाव आणि लॉटचा नंबर घेई. डब्यातला फायली वाटणारा प्रोग्राम कोलमडला की लेबल निघत नसे, लेबलाशिवाय पोतं शिवता येत नसे आणि बियाणं साचू नये म्हणून फुलचंद यंत्र बंद करी. सकाळपासून घरघरणारं यंत्र गप्प झालं की ती शांतता रस्त्यापलीकडच्या घरांपर्यंत जाई.

ज्योत्स्ना मूळची इंझोरीची. लग्न होऊन इथे आली आणि कंपनीत लागली ती ओल्या कागदात दाणे गुंडाळून उगवण तपासायला. तिथून तिला संगणकावर ओढलं गोविंदानं. "ताई, तुमचं डोस्कं थंड हाय. मशीनले असंच माणूस लागते," असं तो म्हणाला होता. सर्व्हर त्यानंच उभा केला. घरूनही काम करता यावं म्हणून शेडवर एक अँटिना आणि समोरच्या आपल्या घरावर दुसरी, अशी जोडणीही त्यानंच केली. मग एका संध्याकाळी कारंजाच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली.

त्यानंतर डब्याला कुणी हात लावला नाही. दसऱ्याला यंत्रांबरोबर त्यालाही हळदकुंकू आणि झेंडूचा हार. सर्व्हर अपडेट मागायला लागला तेव्हा कंपनीचे अध्यक्ष अमरसिंग म्हणाले, "चालते ना? मंग गोविंदाच्या हातचं हाय, राहू द्या तसंच." ज्योत्स्नानंही राहू दिलं. हाराची फुलं वाळून डब्यावरच चिकटली.

पेरणी तोंडावर आली, यंत्र रोज चालायला लागलं आणि रोज दुपारी थांबायलाही. गेटवर दुकानदारांच्या जीपा खोळंबल्या.

"ताई, या हप्त्यात हे नीट झालं नाही तं मी वाशीमचा माणूस बोलावतो," अमरसिंग म्हणाले. "तो डबाच उचलून नेईन आन् सारं त्याच्याकडूनच चालवीन. तुमी मंग आपल्या ओल्या कागदावर."

ज्योत्स्नानं सर्व्हरची नोंद उघडली. कोणता संगणक केव्हा आला हे त्यात आपोआप उतरत असे. प्रत्येक वेळी, कोलमडण्याच्या आधीच्या ओळीत, एकच नाव होतं: गोविंदा-घर.

तिनं संगणकाचा पडदा बंद केला. उठून माठातलं पाणी प्यायली. परत येऊन पडदा उघडला. नाव तिथंच होतं.

ती रस्ता ओलांडून गोविंदाच्या घरी गेली. त्याची आई, कस्तुराबाई, एकटीच असे. पुढच्या खोलीत गोविंदाचा संगणक चालू होता. समोर खुर्ची, खुर्चीच्या पाठीला त्याचा शर्ट.

"मावशी, हे कोण लावते?"

"मीच लावतो व माय. दुपारची लाइन आली का बटन दाबतो."

"काहून?"

"दहाव्याले कावया शिवेच ना," कस्तुराबाई म्हणाली. "सारे बोलून पाह्यले. मामा बोलला, काका बोलला. कावया झाडावर बसून, पर खाली येईना. मंग मी बोलली, बापा, तुयी मशीन बंद पडू देणार नाही. तसा आला." तिनं पदरानं पडद्यावरची धूळ टिपली. "दहाव्याले देल्लेली जबान हाय पोरी. मोडली तं तो अडकून राह्यते."

ज्योत्स्ना खुर्चीत न बसता, उभ्यानंच, संगणक पाहू लागली. गोविंदानं बॅकअपसाठी एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला होता, तो अर्धाच राहिला होता. संगणक सुरू झाला की तो आपोआप चाले आणि सर्व्हरला एक निरोप पाठवी, मधेच तुटलेला. त्या तुटक्या निरोपावर सर्व्हरचा जुना प्रोग्राम आडवा होई. पासवर्ड विचारण्याच्याही आधी.

"मंग अँटिनाच काढून फेका," कंपनीत परतून तिनं सांगितल्यावर अमरसिंग म्हणाले.

"दादा, खोट दाराची हाय, ठोकणाऱ्याची नाही. आज हे बंद केलं, उद्या दुसरं कोणी ठोकलं तरी दार पडनच. दारच दुरुस्त करा लागते."

या खोटीवरची दुरुस्ती, संगणकवाले तिला पॅच म्हणतात, केव्हाच निघालेली होती. न लावलेल्या अपडेटांच्या ढिगात ती पडून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योत्स्नानं सगळ्या फायलींची प्रत काढली, डब्यावरची वाळलेली फुलं नखानं खरवडली आणि अपडेट लावलं. डबा बंद होऊन पुन्हा सुरू झाला.

दुपारी घरांकडची वीज आली. नोंदीत नाव उमटलं: गोविंदा-घर. त्याखाली नवी ओळ आली: निरोप अपुरा, नाकारला. बाहेर यंत्र घरघरत राहिलं.

फुलचंद दारात येऊन उभा राहिला. "आज आला नाही का?"

"आला. आपल्याले बंद नाही पाडलं त्यानं."

फुलचंद हसला नाही. अमरसिंग मात्र खूश झाले आणि वाशीमचं नाव पुन्हा निघालं नाही.

संध्याकाळी फुलचंद यंत्र झाडत असताना कस्तुराबाई शेडच्या दारात आली. इतक्या दिवसांत ती कधी रस्ता ओलांडून आली नव्हती.

"यंत्र काहून नाही थांबलं आज?"

ज्योत्स्नाला आधी कळलंच नाही.

"मी बटन दाबतो आन् इकडं यंत्र गप्प होते. रोज. मी म्हणतो, पोचला बापा. आज मी बसूनच राह्यली."

ज्योत्स्नानं तिला आत नेलं, पडद्यावरची ओळ दाखवली. "हे पाहा मावशी, त्याचं नाव. येऊन गेला."

कस्तुराबाईला वाचता येत नव्हतं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "मंग आवाज काहून नाही?"

"आता दार पक्कं झालं, मावशी."

कस्तुराबाईनं तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुमी लावून घेतलं," ती म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाव उमटलं, नाकारलं गेलं. थोड्या वेळानं पुन्हा उमटलं. मग पुन्हा. समोरच्या घरात कुणीतरी बटन दाबत होतं, थांबून ऐकत होतं, बंद करून परत दाबत होतं. नोंद ओळीखाली ओळ खाली सरकत होती. गोविंदा-घर. नाकारला. गोविंदा-घर. नाकारला. सर्व्हर ठाम उभा होता. त्यात काही चूक नव्हती. लेबलं निघत होती. ज्योत्स्नाला पडद्यावरून नजर काढता येईना.

फुलचंद मागे येऊन उभा होता. त्यानं किती ओळी वाचल्या कोण जाणे. तो बाहेर गेला आणि त्यानं यंत्राचा खटका खाली ओढला.

घरघर मंदावत थांबली. गेटवरचे जीपवालेही बोलायचे थांबले. शांतता रस्ता ओलांडून गेली.

ज्योत्स्ना पडद्याकडे पाहत राहिली. नवी ओळ आली नाही.

बऱ्याच वेळानं फुलचंदनं खटका वर केला.