चार तारे आणि पाझरणारी भिंत

"मावशीला शॉक बसलाय, लवकर ये," एवढंच आई फोनवर म्हणाली. मी कॉलेजात होते. द्वारका चौकाच्या गर्दीतून रिक्षा दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं... दीड महिना झाला. लिहावं की नाही ठरत नव्हतं, कारण यात माझाही हात आहे.

हिरामावशी आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवायची, मुलांची नाकं पुसायची. तिथली मागची भिंत पाझरायची आणि तिच्यावरच्या बटणाला हात लावला की मुंग्या यायच्या. मागच्या वर्षी अंगणवाड्यांना दर्जाप्रमाणे तारे द्यायला तपासणी लागली. आग विझवायचा लाल सिलिंडर सगळ्यांत मिळून एकच. जिथे तपासणी, तिथे तो आदल्या दिवशी जायचा. मावशीनं तो लेकरासारखा कडेवर आणला. म्हणाली, "हा माझ्यापेक्षा लय हिंडलाय." घरात कॉलेजला गेलेली मी एकटीच, म्हणून तपासणीचा फॉर्म माझ्याकडे आला. 'वायरिंग सुरक्षित आहे का?' इथे माझं पेन थांबलं. सेविकाबाई म्हणाल्या, "होय लिही गं. तारे मिळाले की दुरुस्तीपण मिळेल." मी मावशीकडे पाहिलं. "मला काय कळतंय? तू शिकलेली हायेस," ती म्हणाली. मी 'होय' लिहिलं.

चार तारे मिळाले. दुरुस्तीचा अर्जही मीच लिहून दिला. तो घेऊन मावशी तीनदा कार्यालयात गेली. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "चार तारेवाल्यांना कशाला दुरुस्ती? आधी एक-दोनवाल्यांची करू." त्यावर मावशी म्हणाली, "मग साहेब, आमचे दोन काढून घ्या ना!" सगळं कार्यालय हसलं. घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा... मीही हसले. त्यानंतर पंधरा दिवसांनी ती त्या भिंतीवरचं पंख्याचं बटण बंद करायला गेली. ते काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

आता तिथे नवं वायरिंग आहे. भिंतीला रंग दिलाय. दारावर चार तारे तसेच आहेत. ते काढावेत असं कुणालाच वाटलं नाही. मागच्या आठवड्यात मी गेले, तर खिचडी वाढायची वेळ होती. मुलं ताटल्या घेऊन, अंग चोरून, खोलीच्या मधोमध एका रांगेत चालली होती. नवी मदतनीस वैतागली, "अरे, भिंतीकडेनं चला ना, वाट द्या मला!"

एक चिमुरडी जागची हलली नाही. म्हणाली, "नको. हिरामावशी रागावती."