ट्रेलरची साखळी

आमच्या बटालियनची पोस्टिंग तेव्हा उत्तरेत, डोंगरात होती. मी एमटी प्लाटूनमध्ये, म्हणजे गाड्यांच्या तुकडीत हवालदार होतो. माझ्या हाताखाली लान्स नायक सिद्धार्थ होता. तो किन्हवलीच्या बाजूचा, मी टोकावड्याचा. सकाळी तो जय भीम म्हणायचा, मी राम राम म्हणायचो, आणि लंगरचं, म्हणजे फौजी भटारखान्याचं जेवण पुढ्यात आलं की दोघंही सुकटीची आठवण काढायचो.

रोज सकाळी फर्स्ट परेड व्हायची. तेल, पाणी, टायर, ब्रेक तपासायचे. पाण्याच्या ट्रेलरची तपासणी वेगळी असायची. हूक नीट बंद आहे का, पिनला क्लिप आहे का, मागचा लाल दिवा लागतो का हे बघायचं, आणि शेवटी दोन सेफ्टी चेन. सिव्हिलमधल्यांसाठी सांगतो. ट्रेलर हुकातून सुटला तरी या साखळ्या त्याला गाडीशी धरून ठेवतात. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखालून कैची मारून, म्हणजे एकमेकींना छेद देऊन लावल्या की सुटलेला दांडा रस्त्यात न रुतता त्यांच्यावर टेकतो. अशी वेळ कधी तरी एकदा येते. त्या एकदासाठी साखळ्या रोज लावायच्या असतात.

मग ब्रिगेड कमांडरचं इन्स्पेक्शन लागलं. फौजेत म्हणतात, हलतं त्याला सॅल्यूट, हलत नाही त्याला चुना. आम्ही दगडांना चुना लावला, झाडांना गेरू लावला. क्वार्टर गार्डसमोर, म्हणजे पहाऱ्याच्या चौकीसमोर दगडी खांब उभे केले. खांबांमधून सोडायला साखळी कमी पडली. सुभेदार साहेबांची नजर ट्रेलरवर गेली.

"चेन निकालो. सफेद पेंट करो."

मी म्हणालो, "साहब, ट्रेलर रोज चलता है."

"नाले से पोस्ट तक. यहीं का यहीं तो जाना है. बाद में लगा देना."

साखळ्या निघाल्या. इन्स्पेक्शन झालं. कमांडर साहेबांनी त्या पांढऱ्या साखळ्यांकडे बघून 'व्हेरी स्मार्ट' म्हटलं. झालं! आता त्या काढायच्या कोणी? मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा सुभेदार साहेब कामाला लाग म्हणाले.

नाल्यावरून पोस्टकडे येताना एक वळण होतं. ट्रेलर मागे असला की जिप्सी त्या वळणावर एका दमात वळत नसे. सिद्धार्थ को-ड्रायव्हर असायचा. तो खाली उतरून ट्रेलरच्या चाकामागे लाकडी गुटका लावायचा, ड्रायव्हर गाडी नीट घ्यायचा आणि पुढे निघायचा. त्या सकाळी त्यानं गुटका काढला, निघताना गाडीला झटका बसला आणि हूक उघडला. भरलेला ट्रेलर मागे घसरू लागला. मागून रेशन पाठीवर घेऊन चार जवान चढत होते. त्यांच्या एका बाजूला दरी होती. सिद्धार्थला डोंगराच्या बाजूला सरकायला जागा होती. तो सरकला नाही. त्यानं गुटका परत चाकाखाली सारला. चाक गुटक्यावर चढलं, ट्रेलर आडवा झाला आणि डोंगराला टेकून थांबला. मधे सिद्धार्थ होता.

मी पोस्टवर वायरलेस सेटपाशी होतो.

"ट्रेलर छूट गया. एक कॅज्युअल्टी. डॉक्टर भेजो. ओव्हर."

"कौन है? ओव्हर."

"सिद्धार्थ."

त्यापुढे ओव्हर म्हणायचं ड्रायव्हर विसरला. दुसऱ्या दिवशी साखळ्या ट्रेलरला परत लागल्या, पांढऱ्या रंगासकट. चौकशी झाली, हूक झिजलेला होता असं ठरलं. खोटं नव्हतं ते. पण मला आजही त्याचा राग येतो.

त्याला घेऊन गावी मीच आलो. त्याच्या आईला, शेवंतामावशीला, सगळं खरं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "मग ती साखळी कुठं व्हती?"

"शोभेला लावली होती, मावशी."

आता मी निवृत्त आहे. हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण आमच्याकडे फौजेतून आला की तो मेजरच. सव्वीस जानेवारीला सिद्धार्थच्या गावानं मला बोलावलं. शाळेपर्यंत चित्ररथ न्यायचा होता. मंडपवाल्या दिनेशच्या बोलेरोमागे ट्रेलर जोडलेला. त्यावर कमान, झेंडूच्या माळा, सिद्धार्थचा फोटो आणि नऊवारीतल्या शाळेच्या मुली. पुढे शाळेपर्यंत उतार.

कायदा अवघड नाही. ट्रेलरची स्वतःची नोंदणी लागते. मागे नंबर प्लेट, लाल दिवे, रिफ्लेक्टर लागतात. त्यावर माणसं बसवायची नसतात. दिनेशच्या ट्रेलरला नोंदणी, दिवे काहीच नव्हतं, आणि वर मुली बसलेल्या. पिनेच्या जागी बोल्ट होता आणि बोल्टला बांधायची तार.

"साखळी कुठाय रे?"

"कसली साखळी, मेजर? काय व्हत नाय. गणपतीला पण आमी ह्योच नेतो. इथल्या इथं तर जायाचंय."

माझं डोकं फिरलं. मी बोलेरोसमोर उभा राहिलो. सरपंच म्हणाले, पाहुणे खोळंबलेत, तुमची मिलिटरी इथं नको. स्पीकरवर देशभक्तीची गाणी चालू होती. एवढ्यात शेवंतामावशी पुढे आली. तिनं वाकून तो बोल्ट बघितला, तार बघितली.

"उतरा गो पोरींनो, खाली उतरा."

एकेकीला तिनं हात धरून उतरवलं. मग फोटो काढला. सरपंच म्हणाले, "आजी, फोटो तरी राहू द्या."

"ह्याला मी नेते. जड नाय तो."

ती फोटो छातीशी धरून शाळेपर्यंत चालत गेली. पोरी तिच्या मागे, मी त्यांच्या मागे. रिकामा चित्ररथ गाणी वाजवत सगळ्यांच्या शेवटी आला.

त्याच आठवड्यात मी मुरबाडच्या बाजारातून साखळ्या आणल्या आणि दिनेशच्या ट्रेलरला स्वतः बसवल्या. कैची कशी मारायची तेही दाखवलं. तो हो हो म्हणाला.

पंधरा ऑगस्टला परत गेलो. शाळेच्या पटांगणात सिद्धार्थचा फोटो चौथऱ्यावर ठेवला होता. भोवती चार खांब, आणि खांबांमधून साखळ्या. पांढऱ्या रंगवलेल्या. रंग अजून ओला होता.

दिनेश हसत पुढे आला. "बघा मेजर, तुमच्याच साखळ्या. कसा लुक आलाय!"

"आणि ट्रेलर?"

"लावतो नं नंतर."

शेवंतामावशी पहिल्या रांगेत बसली होती. ती उठली, साखळ्यांपाशी आली.

"काढ रे त्या. माझा पोरगा कुठं पळून चाललाय?"

मी साखळ्या काढल्या, पटांगणाबाहेर उभ्या ट्रेलरपाशी नेल्या आणि दांड्याखालून कैची मारून लावल्या. झेंड्याला सॅल्यूट केला तेव्हा हात पांढरे होते.

लान्स नायक सिद्धार्थ. चार जवान त्याच्यामुळे घरी परतले. तो पाणी आणताना गेला, एका साखळीवाचून.