मागच्या खोलीतल्या पेट्या

कारखान्याच्या गेटवर बाहेर पडणाऱ्यांच्या पिशव्या तपासण्यात चेकरची सगळी नोकरी सरली. डब्यात तांब्याची तार, बुटात बेअरिंग, पोटाला गुंडाळलेलं कापड, सगळं त्यांनी बाहेर काढलेलं. माणूस समोर आला की त्याच्या चालण्यावरूनच त्यांना वास लागायचा. निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना चेकरच म्हणत, आणि त्यांचीही सवय काही सुटली नव्हती. दूधवाला, मीटर वाचणारा, वरच्या मजल्यावरचे नवे भाडेकरू, सगळ्यांवर त्यांची नजर. बायको होती तोवर म्हणायची, "अहो, माणसं आहेत ती, मुद्देमाल नव्हे." ती गेल्यावर असं म्हणणारंही घरात कोणी उरलं नाही.

घरात आता दोघंच. मुलगा मालवाहू जहाजावर, वर्षाचे कितीतरी महिने बाहेर. सून एका मोठ्या ऑफिसात फोन घ्यायच्या टेबलावर. सासऱ्यांचं औषधपाणी, चष्मा, पथ्य सगळं बघायची, पण बोलायची मोजकं. चेकरना वाटायचं, कमी बोलणारी माणसं एक तर फार साधी असतात, नाहीतर फार पोचलेली.

मग तिची पिशवी त्यांच्या नजरेत भरली. सकाळी जाताना हलकी, आणि काही संध्याकाळी येताना एवढी जड की खांदा एका बाजूला कललेला. आल्या आल्या ती मागच्या खोलीत शिरायची आणि दार लोटून घ्यायची. आतून पंख्यासारखी घरघर. दाराच्या फटीतून हिरवा उजेड लुकलुकायचा. एकदा पाणी प्यायला उठले, तर आतून तिचा आवाज आला, अगदी लाडीगोडीचा. "दे ना रे उत्तर. किती वाट बघायला लावतोस?" आणि थोड्या वेळानं, खूश होऊन, "हां, आलास एकदाचा."

चेकरच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी कान लावला. दुसऱ्या कुणाचा आवाज येत नव्हता, पण त्यामुळे तर ते जास्तच अस्वस्थ झाले.

"पिशवीत काय असतं गं एवढं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"काही नाही बाबा. जुनं सामान आहे." ती भांडी आवरत होती. मान वर केली नाही.

गेटवर 'काही नाही' म्हणणाऱ्याला चेकर नेहमी बाजूला घ्यायचे. इथे बाजूला घेता येत नव्हतं. मुलाचा जहाजावरून फोन आला तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. "घरात काहीतरी पाणी मुरतंय. तुझ्या कानावर असावं म्हणून सांगतो."

"म्हणजे काय, बाबा?"

"कळलं की सांगतो. पण दार लावून कुणाशी तरी बोलत असते."

"बघतो," म्हणून मुलानं फोन ठेवला.

मग एका दुपारी, सून कामावर असताना, चेकर मागच्या खोलीत गेले. चपलांच्या जुन्या लोखंडी रॅकवर एकावर एक चपट्या पेट्या रचलेल्या. प्रत्येकीच्या तोंडाशी भोकांची रांग, त्यांतून निळ्या-पिवळ्या वायरी निघून एकमेकींत गेलेल्या. दिवे मिचमिचत होते. हात लावला तर पाठीमागून गरम हवा. त्यांनी वाकून बघितलं. पेट्यांवरची नावा-नंबरांची लेबलं खरवडून काढलेली होती.

नंबर खरवडलेला माल म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यात तो गरमपणा. काही पेटलं तर? त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. घरघर थांबली, आणि खोली इतकी गप्प झाली की तेच घाबरले. घाईघाईनं बटण पुन्हा चालू केलं. दिवे आधी पिवळे झाले, मग एकेक करून हिरवे. होतं तसं झालं, असं म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं.

संध्याकाळी सून खोलीत गेली आणि लगेच बाहेर आली. जेवताना तिनं विचारलं, "दुपारी लाइट गेली होती का?"

"गेली असेल. मी झोपलो होतो."

"बरं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप होतं.

आता तर चेकरची खात्रीच पटली. शनिवारी ती बाहेर पडली तेव्हा हेही अंतर ठेवून निघाले. बस डेपोच्या मागे भंगारची दुकानं होती, त्यातल्या एकात ती शिरली. बाहेर आली तेव्हा पिशवी जड. ती वळणाआड गेल्यावर चेकर दुकानात गेले. भंगारवाल्यानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"कोणत्या खात्यातून आलात?"

"खात्यातून नाही. आत्ता गेल्या त्या बाई काय घेऊन गेल्या?"

"का? तुम्ही कोण त्यांचे?"

चेकर क्षणभर अडखळले. "सासरा."

भंगारवाला हसला नाही. उलट हात जोडले. "मग तुम्हीच समजवा त्यांना. ऑफिसं जुनं सामान लिलावात काढतात, ते मी उचलतो, हे दहादा सांगितलं. तरी बाईंचा विश्वास नाही. एक पेटी घ्यायची तर ती कुठून आली ते विचारणार, मग त्या ऑफिसात फोन लावून खातरजमा करणार, मगच हात लावणार. गिऱ्हाईक आहे की पोलीस, कळत नाही."

"आणि लेबलं कोणी खरवडली?"

"मीच. प्रत्येक ऑफिसची अटच असते, आमचं नाव बाहेर दिसायला नको."

चेकर घरी परतले. सून मधल्या खोलीत त्यांची वाट बघत बसली होती.

"भंगारवाल्याचा फोन आला होता," ती म्हणाली. "बसा, बाबा."

ते बसले. गेटवर ते नेहमी उभे असायचे आणि समोरच्याला बसायला सांगायचे. आज उलट झालं होतं.

"आतली पेटी किती वेळापासून चालू आहे ते ती स्वतःच सांगते," सून म्हणाली. "आठवडाभर मी ती बंद केली नव्हती. त्या संध्याकाळी बघितलं तर म्हणाली, दुपारपासून. शेजारी विचारलं, लाइट कुणाचीच गेली नव्हती. आठवडाभराचं माझं काम पुसलं गेलं. ते जतन करून ठेवलं नाही, ही चूक माझी. पण बटणावर हात कुणाचा होता?"

"माझा," चेकर म्हणाले. "मला वाटलं, चोरीचं आहे."

"वाटलंच मला. आणि यांना काय सांगितलंत? परवा फोनवर विचारत होते, घरी कोण येतं-जातं. एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं त्यांनी."

मग तिनंच एकेक सांगितलं. तिच्या ऑफिसात फोन घ्यायला आता यंत्र येणार होतं. कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळणाऱ्यांची एक परीक्षा असते, ती दिली तर दुसरीकडे काम मिळण्यासारखं होतं. क्लास परवडणारा नव्हता, म्हणून तिनं ऑफिसांनी टाकून दिलेल्या पेट्या जमवल्या, वायरींची टोकं स्वतः बसवली, आणि एका पेटीतून दुसरीकडे निरोप पोचतो का ते बघत बसायची. उत्तर आलं नाही की वैतागून यंत्राशीच बोलायची. "नापास झाले तर निदान कुणाला कळायला नको, म्हणून लपवलं," ती म्हणाली.

चेकरनी तिच्यासमोरच मुलाला फोन लावला. "मी तुला जे सांगितलं ते खोटं होतं. दारामागे अभ्यास चालला होता. चूक माझी आहे." मुलगा नुसतं "ठीक आहे" म्हणाला. सुनेनं फोन घेतला नाही.

खोलीचं कुलूप मात्र निघालं. काही दिवसांनी तिनंच विचारलं, "मी बाहेर गेले की यातलं काहीतरी बिघडवून ठेवाल? काय ते सांगायचं नाही. मला शोधून काढायची सवय व्हायला हवी." चेकरना हे काम मनापासून आवडलं. वायर वरून बघता घट्ट बसलेली, पण आतून जेमतेम टेकलेली. दोन सारख्या वायरींची अदलाबदल. ती शोधत असताना ते मागे उभे राहून तिचा चेहरा बघायचे, आणि ती बिघाडापाशी लवकर पोचली तर विचारायचे, "आधीच डोकावली नव्हतीस ना?"

"तुमच्यावर गेलेय म्हणा," ती म्हणायची.

पहिल्या खेपेला ती नापास झाली. चेकरना संशय, परीक्षेचा कॉम्प्युटरच बिघडलेला असणार. तिनं त्यांचं ऐकून घेतलं आणि पुन्हा बसली. दुसऱ्या खेपेला पास झाली, आणि एका इस्पितळात तिला नेटवर्कच्या देखभालीचं काम मिळालं.

मुलगा सुटीवर आला. मागच्या खोलीत त्या पेट्यांसमोर उभा राहिला. मग बायकोला म्हणाला, "मला तरी सांगायचंस." ती म्हणाली, "तुम्ही तरी सरळ विचारायचं होतंत." आतून कुणीतरी दार लोटलं.

चेकर बाहेर होते. दाराशी थांबायचा मोह त्यांना झाला, खोटं कशाला बोला. मग ते चपला घालून खाली उतरले आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जाऊन, गरज नसताना, दाढी करून आले.