बदली कारकुनाची कादंबरी

ती कादंबरी मला विहाराच्या कपाटात मिळाली. सुरतेच्या डिंडोलीत आमच्या गल्लीच्या टोकाला बौद्ध लोकांचा विहार, तिथे पुस्तकांचं एक लोखंडी कपाट, आणि त्याची चावी शेजारच्या ताईच्या कमरेला. मी पोरीला कडेवर घेऊन विरजण मागायला गेले तर ताई म्हणे, "सातवी शिकलीस ना गं? मग दुपारभर भिंतीकडे काय बघत बसते? वाच." हाताला लागलं ते पुस्तक दिलं. वर एका खुर्चीचं चित्र, खुर्चीत कोणी नाही.

मी ऑफिस कधी आतून पाहिलेलं नाही. पण लिहिणाऱ्याने असं लिहिलंय की मला गंजलेल्या टाचण्यांचा वास यायला लागला, पंख्याखाली कागद उडू नये म्हणून ठेवलेला दगड दिसायला लागला. घडत तसं काहीच नाही. एक नवा कारकून येतो, त्याला गेलेल्या कारकुनाच्या खुर्चीत बसवतात. साहेब म्हणतो, सगळे कागद जुन्याच्या नावाने आहेत, बदलायचे म्हणजे फार काम, तुम्ही तीच सही करत जा. तो करतो. खणात जुन्याचा चष्मा पडलेला असतो. पुढे पुढे याला अक्षर अंधुक दिसायला लागतं, एक दिवस तो चष्मा काढून लावतो, तर नंबर बरोब्बर.

तिथे मी पुस्तक मिटलं आणि झोपलेल्या पोरीला उचलून छातीशी धरलं. कारण आमच्या घरात तेच चाललं होतं.

पोरीचे बाप पलसाण्याला डाइंगमध्ये, कपडा रंगवायच्या खात्यात. पण बदलीवर. म्हणजे कार्ड एकाचं, तो गावाला गेला की त्याच्या कार्डावर दुसरा माणूस उभा राहतो. हा कार्डवाला शिरपूरकडचा. महिन्यासाठी गेला आणि दोन वर्षं झाली, आलाच नाही. कोणी म्हणे शेती करतो, कोणी म्हणे मेला. खात्यावरचा मास्टर त्याच्याच नावाने हाक मारणार, सोबतची पोरंही त्याच नावाने. आणि घरी मी. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मी नुसतं "ओ" म्हणायची. सासू घ्यायची नाव, पण ती राहिली गावाला. मला एकदम वाटलं, या एवढ्या सुरतेत यांचं नाव कोणाच्या तोंडात आहे? कोणाच्याच नाही.

रात्रपाळी करून ते दिवसा झोपायचे. त्या दुपारी नळाला पाणी आलं, मी हाक मारली, ओ, उठा. नाही. खांदा हलवला. नाही. तोंड उघडं, बोटं निळी. रंगाचीच, रोजच असायची, पण त्या दिवशी मला ती रंगाची वाटेनात. मला काय झालं कोण जाणे, मी त्या कार्डवाल्याचं नाव घेतलं, ओठातल्या ओठात.

ते ताडकन उठून बसले. "हां, मास्टर."

डोळे माझ्याकडे होते पण मी कोण ते त्यांना कळत नव्हतं. मग कळलं. "काय व्हयनं? अशी काय देखी ऱ्हायनी?"

मी कारकुनाची सगळी गोष्ट सांगितली. ते हसले. "तुले पुस्तक चढनं. कारकूनस्ना डोया फुटतसच."

पुढे कादंबरीत त्या कारकुनाची बायको डबा घेऊन ऑफिसात येते, नवऱ्याचं खरं नाव सांगते. शिपाई म्हणतो, असा कोणी इथे नाही. आणि कारकून दाराच्या आतच बसलेला असतो, सगळं ऐकतो, उठत नाही. हे वाचलं त्याच दिवशी पोरीला ताप भरला.

कामावर जाताना त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. "सकाळले मिलना दवाखानामा लई जा. बापनं नाव इचारतीन, ते कार्डवरलं सांगजो. नहीतं मनं काम जाई."

"आणि पोरीच्या कागदावर तेच लिहितील?"

"लिखू दे. पोर काय कागदनी शे?"

सकाळी खिडकीशी रांग होती. कंपाउंडर म्हणाला, "बेन, बापनुं नाम?" पोरगी माझ्या मानेशी भाजत होती. कार्डावरचं नाव माझ्या ओठावर आलेलंच होतं, सोपं होतं. पण त्याचं पेन कागदाला टेकलेलं दिसलं आणि वाटलं, एकदा ते लिहिलं की पोरगीही त्याची. मी यांचं नाव घेतलं. खरं. सगळ्या रांगेसमोर, मोठ्याने. मागची म्हातारी फिसकन हसली, "लाजबिज काही शे का नही?"

कंपाउंडरने कार्ड उलटंपालटं केलं. "आ तो बीजो माणस छे."

"हो," मी म्हटलं, "तो दुसराच आहे."

डॉक्टरने पोरीला तपासलं, औषध दिलं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. कार्ड मात्र दवाखान्याने ठेवून घेतलं. आणि यांना मिलच्या फाटकावरूनच परत पाठवलं, काम गेलं.

ते माझ्याशी बोलेनात. एकदाच म्हणाले, "नाव लिधं ना? आते तेच खाय." मी बरं केलं की वाईट, मला अजून सांगता येत नाही. दिवसभर ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी "ओ" म्हणायची, ते चादर डोक्यावरून ओढून घ्यायचे. कार्डवाल्याचं नाव घेऊन बघायची माझी हिंमत नव्हती.

पाचव्या दिवशी आपणहून म्हणाले, "ते कारकूननं वाच."

मी पहिल्यापासून वाचत गेले, पोरगी पायावर. ते छताकडे बघत ऐकत होते. चष्म्याचं आलं तेव्हा त्यांनी डोळे चोळले. मग मला थांबवलं.

"त्यानं पहिलं नाव काय व्हतं?"

"कोणाचं?"

"कारकूननं. खरं."

मी म्हटलं, असेल मागे. मागे गेले. पहिलं पान, दुसरं, सगळी पानं पाहिली, शिपाई त्या बायकोला हाकलतो तेही पाहिलं. तिथे नुसतं लिहिलंय, तिने नाव सांगितलं. लिहिणाऱ्याने ते कुठेच दिलेलं नव्हतं. एवढे दिवस मी वाचत होते आणि माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"नाहीच लिहिलं," मी म्हटलं.

ते उठले, पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं. त्यांना वाचता येत नाही. तरी निळं बोट एकेका ओळीवरून फिरवत राहिले.

"नीट देख," म्हणाले. "व्हई कोठेतरी."