पलीकडच्या दोरीवरचं कांबळं

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. अंगावरून वारं जाऊन त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि त्यांनी अंथरूण धरलं. तेव्हापासून त्या माझ्या एकटीच्या हातचं खायच्या. नणंदेनं घास पुढे केला की ओठ मिटून घ्यायच्या, शेजारीण आली की भिंतीकडे तोंड करायच्या. मला याचा मनातून अभिमान होता आणि वैतागही तेवढाच होता. माझं माहेर इस्लामपूरजवळ, म्हणजे काही विलायतेत नव्हे, पण तिथं जायचं नाव काढायची सोय राहिली नव्हती.

लढाई संपून आमचे मालक पलटणीतून घरी आले, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आमचं गाव कृष्णेच्या काठावर आणि अगदी समोर, पलीकडच्या काठावर, मठ. तिथल्या बुवांनी दवंडी पिटवली. ज्यांच्या घरी माणूस अंथरुणाला खिळलेलं आहे, त्याचं करणाऱ्यांनी शनिवार-रविवार मठात यावं, नाम घ्यावं, ध्यानाला बसावं आणि दोन दिवस कुणाचंही काही करू नये.

मी ते हसण्यावारी नेलं. मालकांनी मात्र मनावर घेतलं.

"दोन दिस आईचं मी बघतो. तू जा," ते म्हणाले.

"आवं, त्या तुमच्या हातचं खातील व्हय?"

"बघू की."

आत्याबाई अंथरुणातून ऐकत होत्या. डाव्या हातानं मला नुसतं 'जा' असं खुणावलं.

मग आम्ही खूण ठरवली. मठाच्या ओसरीवरून आमच्या परसातली कपडे वाळत घालायची दोरी स्वच्छ दिसायची. आत्याबाई जेवल्या तर मालकांनी दोरीवर पांढरं धोतर टाकायचं, नाही जेवल्या तर पलटणीतलं करडं कांबळं. कांबळं दिसलं की मी होडी धरून घरी परतायचं. तसं झालं तर पुन्हा कधी घराबाहेर पडायचं नाही, हे मी माझं मनाशी ठरवून टाकलं होतं.

मठात बहुतेक बायकाच होत्या. रांधायला गावातले बाप्ये, वाढायलाही तेच, आणि पहिली पंगत आमची. पिठलं वडीसारखं घट्ट झालं होतं, पण आयतं होतं म्हणून गोड लागलं. तरी कुणाच्या पानातली भाकरी संपली की चार जणी उठायच्या आणि वाढपी त्यांना दटावून खाली बसवायचे. ध्यानाला बसल्यावर बुवांना ठसका लागला. त्यांनी डोळे उघडले तर समोर पाण्याचे तांबेच तांबे.

"बायांनो, मी बरा आहे. बसा," बुवा म्हणाले.

माझ्या शेजारी एक धनगरीण होती. माणदेशाकडून मेंढरं घेऊन तिचा तळ नदीकाठी उतरला होता आणि तळावर तिचा आंधळा सासरा होता. मी ध्यानात सारखी नदीपलीकडे बघते, हे तिनं हेरलं.

"देव तिकडं बसलाय व्हय गं?" तिनं विचारलं.

मी तिला कांबळ्याचं सांगितलं. जेवणं होईपर्यंत ते सगळ्यांना कळलं आणि मग सगळा मठच एक डोळा उघडा ठेवून ध्यान करू लागला. दुपारी दोरीवर धोतर दिसलं. बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. मला हायसं वाटलं, आणि आत कुठंतरी लागलंही. माझ्यावाचून त्यांचं अडलं नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही ओसरीवर आलो तर धोतर गेलेलं आणि जागेवर कांबळं.

 तशीच मी होडीकडे धावले. मागे वळून बघते तर सगळ्या जणी माझ्यामागे. एका घरातलं आजारी माणूस जेवलं नाही म्हटल्यावर डोळे मिटून बसणं यांना कुठलं जमायला! एकीनं सुंठ घेतली होती, एकीनं ओवा, धनगरणीनं तांब्याभर दूध. सगळ्यांत शेवटी बुवाही धोतर सावरत होडीत चढले.

घरी आत्याबाई भिंतीला टेकून बसलेल्या आणि मालक त्यांना दूधभाकरी भरवत होते. दारातली गर्दी आणि तिच्यामागचे बुवा बघून आत्याबाईंनी तोंडातला घास सावकाश गिळला.

"मी न्हाई मेले अजून," त्या म्हणाल्या. "बसा."

"मग ते कांबळं?" मी मालकांना विचारलं.

"त्याच्यावर दूध सांडलं. धुऊन वाळत टाकलं की."

"आणि खूण?"

मालकांनी कपाळावर हात मारला. पलटणीत या माणसाकडे झेंड्या दाखवून निरोप पोचवायचं काम होतं. लढाई जिंकली कशी, देव जाणे.

बायकांना हसू आवरेना. तेवढ्यात धनगरणीनं आत्याबाईंच्या पाठीशी उशी नीट लावलीसुद्धा. मी मालकांच्या हातातली वाटी घेऊन बोटानं चाखलं. दूध करपलेलं, भाकरी आत कच्ची. माझ्या आमटीत मीठ चिमूटभर जास्त झालं तर वाटी दूर सारणारी ही बाई!

"आत्याबाई, हे कालपासनं खाताय तुमी?"

"व्हय. लय वाईट हाय."

मालकांनी वाटी परत घेऊन एक घास खाल्ला आणि वाटी खाली ठेवली.

"मग कशापायी खाल्लं?" मी विचारलं.

आत्याबाईंच्या तोंडून शब्द जड यायचे. एकेक जुळवत त्या म्हणाल्या, "न्हाई खाल्लं तर तू येशील. म्हनून गिळलं. कवा न्हाई ती बसाय गेली हुतीस गं. आन् आलीस माघारी, समदा मठ घिऊन."

मला रडू आलं. सगळ्यांच्या देखत आलं, आणि मी ते पुसलंही नाही. ताजी भाकरी टाकावी म्हणून चुलीकडे वळले, तर डाव्या हातानं त्यांनी माझा पदर धरला.

"चुलीला हात लावायचा न्हाई. सांजंपतोर हाय न्हवं तुझं? मग जा."

त्याच होडीतून आम्ही परतलो. बुवांनी पुन्हा ध्यानाला बसवलं. धनगरीण मध्येच हळूच म्हणाली, "बघू का गं, काय टाकलंय दोरीवर?"

"नगं," मी म्हटलं, आणि डोळे मिटूनच बसले.