पुनाजीची टोपी

सिंदी मेघेहून वर्ध्याला कचेरीत जाणारे कारकून पुष्कळ होते. पण पुनाजी रस्त्याला लागला की लोक दारात येऊन बघत. धोतराच्या निऱ्या हाताने पाडलेल्या, काळा कोट गळ्यापर्यंत बंद आणि डोक्यावर पांढरी टोपी. पितळी लोट्यात निखारे भरून तो रोज सकाळी स्वतः तिला इस्त्री करी. गावातल्या कोणाच्या पोराला नोकरीसाठी बोलावणं आलं, की बाप त्याला आधी पुनाजीच्या अंगणात आणून उभा करी.

"कोटाची गुंडी तुटली तं चालते, बाबू," पुनाजी सांगे. "पण डोकं उघडं नोको. उघड्या डोक्यानं कोन फिरते? ज्याच्या घरी मयत झाली तो."

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्यानंतर कचेरीत नवे साहेब आले. बुशकोट, चकचकीत बूट, मागे वळवलेले केस. आणि डोकं उघडं! पुनाजीच्या हातातला टाक गळून पडला. सारे कारकून एकमेकांकडे बघू लागले. शेवटी तोच पुढे झाला आणि हात जोडून हळूच म्हणाला, "साहेब, कोण गेलं?"

साहेब गोंधळले, मग खो खो हसले. "कोणी गेलं नाही हो! कचेरीतला माणूस असाच टापटीप दिसला पाहिजे. केस नीट विंचरा, बुटांना पॉलिश करा, आणि या टोप्या आता खुंटीला टांगा. पुनाजी, बडेबाबूची जागा रिकामी आहे. तुमचंच नाव पाठवीन म्हणतो. पण सुरुवात तुमच्या टोपीपासून."

पुनाजी घरी आला तो पाय ओढतच. त्याचा म्हातारा बाप, तानबा, ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसला होता. पुनाजीने सारं सांगितलं. आतून त्याची बायको रुखमा ओरडली, "अवं माय! मामंजी जिते हायेत अन् हे उघड्या डोक्यानं बजारातून जातीन?"

तानबा बोळक्या तोंडाने हसला. "काढ ना बाप्पा! टोपी काढल्यानं मी काई मरून नाई राह्यलो. बडेबाबूचा बाप म्हनून मलेबी मिरवता येईन." असं म्हणत त्याने हात लांब करून लेकाची टोपी उचलली.

"बाबा, नोका!" पुनाजीने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, मार चुकवणाऱ्या लेकरासारखा अंग चोरून उभा राहिला. तानबाचं हसू विरलं. त्याने टोपी पुन्हा लेकाच्या डोक्यावर ठेवली आणि बोटांनी सरळ केली.

बडेबाबूची खुर्ची दुसऱ्या कारकुनाला गेली. हळूहळू सारी कचेरी बोडकी झाली. उरली पुनाजीची टोपी आणि म्हाताऱ्या चपराशाचं, बंडूजीचं, पागोटं.

"काय पुनाजी, टोपीला मुळं फुटली वाटतं?" साहेब येताजाता म्हणत. पुनाजी खाली मान घालून लिहीत राही.

मग थंडीतल्या एका सकाळी पुनाजी उशिरा आला. दारातच थबकला. अंगात कोट नव्हता, पायात वहाणा नव्हत्या, डोकं उघडं होतं.

साहेबांची नजर थेट डोक्यावर गेली. "वा! अखेर ऐकलंत तर! अहो, केवढे तरुण दिसता!" पोरसवदा कारकून हसले. एकाने टाळीही वाजवली.

पुनाजीने दाराची चौकट धरली.

पाण्याचा पेला घेऊन बंडूजी आत आला. त्याने पुनाजीकडे पाहिलं आणि पेला तिथेच जमिनीवर ठेवला. दोन्ही हातांनी पागोटं उतरवून काखेत घेतलं आणि पुनाजीच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"अरे, बंडूजी, तुम्हीपण?"

"साहेब," पुनाजी म्हणाला, "सुट्टी पायजे. बाबा गेले. अंगणात ठेवून आलो."

साहेबांचा हात आपसूक स्वतःच्या डोक्याकडे गेला. तिथे उतरवायला काहीच नव्हतं.